पोषणशास्त्रात संशोधनासाठी पीएचडी : अमेरिकेतले अर्ज, एसओपी आणि कागदपत्रं

मृद्गंध_नाशिक

नमस्कार मंडळी. एमएस्सी (फूड सायन्स अँड न्यूट्रिशन) शेवटचं वर्ष, त्याआधी तीन वर्षांचं बीएस्सी होम सायन्स. ऑगस्ट २०२७ ला सुरू होणाऱ्या सत्रासाठी अमेरिकेत पीएचडीला अर्ज करायचा विचार आहे. क्लिनिकमध्ये डाएट चार्ट देण्यापेक्षा संशोधनात राहायचं हे पक्कं आहे.

प्रबंधाचा विषय : नाशिक जिल्ह्यातल्या दोन आश्रमशाळांमधल्या १३ ते १७ वयाच्या १२० मुलींचा आहार आणि हिमोग्लोबिन. प्रत्येकीचा २४ तासांचा आहार-रिकॉल (आदल्या दिवशी काय-काय खाल्लं त्याची नोंद) एकदा घेतला, हिमोग्लोबिन बोटातून रक्त घेऊन हिमोक्यू यंत्रावर मोजलं. ७२ मुली डेसिलिटरला १२ ग्रॅमच्या खाली, म्हणजे ॲनिमिक आल्या. लोहाचं सेवन आरडीएपेक्षा (रोज किती घ्यावं याच्या शिफारशीपेक्षा) कमी असलेल्या मुली त्याहून जास्त.

प्रश्न असे : ३+२ वर्षांची पदवी चालते का? जीआरई (तिकडची प्रवेशपरीक्षा) द्यावी का? प्राध्यापकांना आधी ईमेल करणं गरजेचं आहे का, आणि त्यात लिहायचं काय? एसओपीची (अर्जासोबतच्या हेतुनिवेदनाची) सुरुवात मी "लहानपणापासून मला अन्न आणि आरोग्य यांच्या नात्याचं कुतूहल होतं" अशी केली आहे, ती ठीक आहे का? आणि आधी नेट-जेआरएफ (इथली पात्रता परीक्षा आणि तिच्यातून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) करून इथेच पीएचडी करावी, असं घरचे म्हणतात. त्यावरही मत सांगा.

---

तृणधान्य

अर्ज कुठे करायचा याबद्दल आधी लिहितो, कारण पहिली चूक तिथेच होते. अमेरिकेत 'न्यूट्रिशन' या एका नावाखाली दोन वेगळे रस्ते आहेत. एक आहारतज्ज्ञ होण्याचा. तिथल्या आरडीएन (नोंदणीकृत आहारतज्ज्ञ) या पात्रतेसाठी १ जानेवारी २०२४ पासून मास्टर्स सक्तीची आहे आणि अभ्यासक्रमाला एसेंड या संस्थेची मान्यता लागते. हे मास्टर्स कोर्स बहुतेक स्वखर्चाचे असतात आणि त्यात संशोधन फारच थोडं. दुसरा रस्ता संशोधनाच्या पीएचडीचा. यात बहुतेकदा ट्यूशन माफ होते, आरोग्य विमा आणि स्टायपेंड मिळतो, त्या बदल्यात तुम्ही रिसर्च किंवा टीचिंग असिस्टंट म्हणून काम करता. तुम्हाला दुसरा हवा आहे. एजंटकडे गेलात तर तो पहिल्यातलेच कोर्स दाखवेल, कारण कमिशन तिथे असतं.

पीएचडीसाठी पाहण्यासारखे विभाग : कॉर्नेलचं डिव्हिजन ऑफ न्यूट्रिशनल सायन्सेस, यूसी डेव्हिसचा न्यूट्रिशनल बायॉलॉजीचा गट, इलिनॉय (अर्बाना-शँपेन), पेन स्टेट, टफ्ट्सचं फ्रीडमन स्कूल, चॅपल हिलचा न्यूट्रिशन विभाग, एमरीचा न्यूट्रिशन अँड हेल्थ सायन्सेस. यांचा तोंडवळा सारखा नाही. एकाच विभागात कुणी उंदरांच्या यकृतातल्या लिपिडवर काम करतं, तर कुणी ग्वाटेमाला किंवा बांगलादेशातल्या बालकांच्या वाढीवर. तुमचा प्रबंध सार्वजनिक पोषणाचा आहे, त्यामुळे विद्यापीठाच्या क्रमवारीकडे दुर्लक्ष करून किशोरवयीन मुली, लोह, सूक्ष्मपोषक, आहारमापन यांवर तिथे नेमकं कोण काम करतं ते शोधा. एका विभागात असे दोन तरी प्राध्यापक सापडले तरच तिथे अर्ज करा. एकच असेल आणि त्यांना त्या वर्षी विद्यार्थी घ्यायचा नसेल, तर अर्जाची फी वाया.

३+२ पूर्ण केलेल्यांना बहुतेक ठिकाणी अडचण येत नाही. नुसतं तीन वर्षांचं बीएस्सी असेल तर मात्र येते. आमच्या होम सायन्सवाल्यांचं घोडं अडतं ते पूर्वअटींवर. बरेच विभाग ऑरगॅनिक केमिस्ट्री, बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी आणि स्टॅटिस्टिक्स मागतात. आपल्याकडे ऑरगॅनिक केमिस्ट्री अनेकदा 'अप्लाइड सायन्स' अशा नावाच्या पेपरात दडलेली असते. मार्कशीटवर ते नाव वाचून समितीला काही कळत नाही. युनिव्हर्सिटीचा त्या वर्षाचा सिलॅबस काढा आणि पेपरनिहाय घटक व तास इंग्रजीत एका पानावर मांडून ठेवा. ऑरगॅनिक खरोखरच झाली नसेल तर विभागाच्या समन्वयकाला आधीच विचारा. काही ठिकाणी प्रवेशानंतर पहिल्या वर्षात ती पूर्ण करू देतात.

जीआरई बहुतेकांनी बंद केली आहे किंवा ऐच्छिक ठेवली आहे. 'ऐच्छिक' असेल, गणित-स्टॅट्सचे गुण कमी असतील आणि क्वांट (जीआरईतला गणिताचा भाग) चांगलं येणार असेल तरच द्या. 'स्वीकारत नाही' असं लिहिलं असेल तिथे पाठवू नका. टोफेलसारखी इंग्रजीची परीक्षा मात्र बहुतेक ठिकाणी लागते. टोफेलचा निकाल दोन वर्षं चालतो आणि जानेवारी २०२६ पासून गुणांकन १ ते ६ असं झालं आहे, म्हणून विभागाच्या पानावर किमान गुण जुन्या १२० च्या पट्टीत दिलेत की नव्या, ते नीट बघा. बोलण्याच्या भागाचे गुण वेगळे तपासले जातात, कारण टीचिंग असिस्टंटशिप त्यावर ठरते. एकूण गुण भरपूर आणि बोलण्यात कमी, असं झालं तर प्रवेश मिळूनही पैसे अडकू शकतात.

---

पडताळा

एसओपी आणि प्रबंधाबद्दल लिहिते. जरा लांबेल, पण खरं काम इथेच आहे.

"लहानपणापासून कुतूहल" ही सुरुवात काढून टाका. समितीतले लोक एका दुपारी डझनावारी एसओपी वाचतात आणि त्यातल्या निम्म्यांची सुरुवात अशीच असते. त्यांना तीन गोष्टी बघायच्या असतात : तुम्हाला प्रश्न विचारता येतो का, स्वतःच्या आकड्यांची मर्यादा कळते का, आणि पुढचा प्रश्न आमच्याकडेच का सुटेल. तुमच्या प्रबंधात या तिन्हींसाठी भरपूर माल आहे. तुम्ही तो "७२ मुली ॲनिमिक" या एका वाक्यात संपवलात.

आता तुमचेच आकडे समितीच्या नजरेने बघू.

१२० पैकी ७२ म्हणजे ६० टक्के. एवढ्या नमुन्यावर ९५ टक्के विश्वासांतर (खरा आकडा ज्या पट्ट्यात असण्याची शक्यता, तो पट्टा) साधारण ५१ ते ६९ येतं, आणि तेही मुली सुट्या-सुट्या निवडल्या असत्या तर. तुमच्या सगळ्या मुली दोनच शाळांतल्या, एका शाळेत सगळ्यांचं जेवण एकाच भटारखान्यातलं. म्हणजे खरं अंतर याहून रुंद. हे एसओपीत एका वाक्यात आलं तरी वाचणारा थांबतो.

मग मोजणी. बोटातलं रक्त आणि शिरेतलं रक्त यांवरून येणारं ॲनिमियाचं प्रमाण सारखं नसतं, हा आपल्याकडे अगदी जिवंत वाद आहे. एनएफएचएस-५ या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) बोटातल्या रक्तावरून १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुली ॲनिमिक निघाल्या. सीएनएनएस या राष्ट्रीय पाहणीत (२०१६–१८) शिरेतलं रक्त घेतलं होतं, तिथे १० ते १९ वयाच्या मुलींमध्ये ४० टक्के. वयोगट वेगळे आहेत, थेट वजाबाकी करता येणार नाही, पण एवढा फरक केवळ वयाचा नाही. बोट दाबून रक्त काढलं की ऊतीतला द्रव मिसळतो, पहिला थेंब पुसला नाही तरी आकडा हलतो, क्युव्हेटची (रक्त घ्यायच्या पट्ट्यांची) बाटली उघडी राहिली आणि दमट हवा लागली तरी हलतो. तुम्ही कोणता थेंब घेतला, एका मुलीचं दोनदा मोजलं का, कंट्रोल द्रावण रोज लावलं का, हे प्रबंधात लिहिलं असेल तर एसओपीतही येऊ द्या. केलं नसेल तर पुढच्या अभ्यासात काय बदलाल ते लिहा.

तिसरा मुद्दा सगळ्यात मोठा. हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोह कमी असं नव्हे. त्यासाठी फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन, लागतं (या वयात १५ मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खाली म्हणजे साठा रिता), आणि फेरिटिन जंतुसंसर्गात वाढतं म्हणून सोबत सीआरपी, शक्य तर एजीपी (संसर्ग किंवा दाह दाखवणारी प्रथिनं). शिवाय तुमच्या मुली आदिवासी भागातल्या. महाराष्ट्रातल्या आदिवासी समाजांत सिकलसेल आणि थॅलेसेमियाचे वाहक लक्षणीय आहेत. ७२ पैकी काही मुलींचं हिमोग्लोबिन लोहाच्या गोळ्यांनी कदाचित वाढणारच नाही. बी-१२ आणि फोलेटचा प्रश्न आणखी वेगळा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागाने १९९३ पासून आजूबाजूच्या सहा गावांत जो मातृपोषणाचा अभ्यास चालवला, त्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांना बी-१२ची कमतरता फार मोठ्या प्रमाणावर दिसली. त्यांचे निबंध वाचा. तुमच्या प्रश्नाला ते अगदी शेजारचे आहेत.

चौथा, आरडीए. सेवन आरडीएपेक्षा कमी म्हणजे 'कमतरता' असं लिहू नका. पोषणाच्या साथरोगशास्त्रातला माणूस हे वाक्य वाचून पान उलटतो. आरडीए जवळजवळ सगळ्यांची गरज भागेल इतकी वर ठेवलेली असते. गटासाठी ईएआर (अंदाजे सरासरी गरज) वापरायची. आयसीएमआर-एनआयएनच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि तिची राष्ट्रीय पोषण संस्था) २०२० च्या शिफारशींत प्रौढ स्त्रीसाठी लोहाची आरडीए २९ मिलिग्रॅम आहे आणि ईएआर १५. तुमच्या वयोगटाचे आकडे त्याच अहवालातून घ्या. त्यातही मासिक पाळी सुरू झालेल्या मुलींमध्ये लोहाची गरज एका बाजूला झुकलेली असते, म्हणून लोहासाठी साधी ईएआर-रेषा न वापरता संभाव्यता पद्धत वापरतात. आणि हे सगळं नेहमीच्या सेवनावर करायचं असतं. एका दिवसाच्या रिकॉलवरून गटाची सरासरी सांगता येते, पण 'इतके टक्के मुली कमी खातात' हे सांगता येत नाही. ज्या दिवशी पालेभाजी झाली तो दिवस आणि न झाली तो दिवस यांत एकाच मुलीचं सेवन कुठल्या कुठे जातं. निदान ३०-४० मुलींचा दुसऱ्या, लगतच्या नसलेल्या दिवशी रिकॉल घेतला तर हा चढउतार आकडेमोडीतून वेगळा काढता येतो. प्रबंध सबमिट व्हायचा असेल आणि शाळेची व नैतिक समितीची परवानगी अजून चालू असेल, तर हे आत्ताच करून घ्या. सुट्ट्या लागल्या की मुली घरी जातील आणि जेवणच बदलेल.

आता एसओपीची सुरुवात. लिहाल इंग्रजीत, इथे मथितार्थ देते :

"दोन निवासी आदिवासी शाळांतल्या १२० मुलींपैकी ६० टक्के मुलींचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली होतं. एका शाळेतल्या सगळ्या मुली एकाच भटारखान्यातलं जेवत असूनही त्यांच्या हिमोग्लोबिनमधला फरक मोठा होता. माझ्या मोजणीतून हा फरक लोहाच्या साठ्याचा, संसर्गाचा की हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाचा, हे सांगता येत नाही. सांगता येईल अशी मोजणी कशी आखायची, हे मला शिकायचं आहे."

चार वाक्यांत प्रश्न, आकडा, मर्यादा आणि दिशा आली. (दुसरं वाक्य तुमच्या आकड्यांत खरं असेल तरच ठेवा. प्रमाण विचलन काढून बघा.) यानंतर एक परिच्छेद तुम्ही हाताने काय केलं त्याचा : किती रिकॉल स्वतः घेतले, वाटी-पळीची मापं कशी प्रमाणित केली, पोषकमूल्यं कोणत्या तक्त्यावरून काढली. आयएफसीटी २०१७ या भारतीय अन्नघटकांच्या तक्त्यांत ५२८ अन्नपदार्थ आहेत पण ते कच्चे. शिजवलेल्या वरणाचं लोह काढताना तुम्ही पाककृतीचं वजन आणि पाण्याचं प्रमाण कसं धरलं, हे सांगितलंत तर काम जाणणाऱ्याला लगेच उमजतं. मग कोणतं सॉफ्टवेअर, कोणती चाचणी. शेवटचा परिच्छेद त्या विभागासाठी. दोन प्राध्यापकांची नावं आणि त्यांच्या कोणत्या पद्धतीचा तुमच्या प्रश्नाशी संबंध आहे ते. हा परिच्छेद प्रत्येक विद्यापीठाला नव्याने लिहायचा. दुसऱ्या विद्यापीठाचं नाव चुकून राहिलेला एसओपी दरवर्षी कुणाचा तरी जातोच.

मर्यादा सहसा दोन पानं किंवा हजार शब्दांच्या आसपास. काही ठिकाणी वैयक्तिक पार्श्वभूमीचं निवेदन वेगळं मागतात. घर, गाव, भाषा, अडचणी हे सगळं त्यात.

---

कोयनाकाठ

ईमेलबद्दल. 'गरजेचं आहे का' याचं उत्तर विभागागणिक वेगळं. काही ठिकाणी पहिल्या वर्षी दोन-तीन प्रयोगशाळांत फिरून मग गाईड ठरतो. तिथे ईमेलने फार बिघडत नाही आणि फार साधतही नाही. पण सार्वजनिक पोषणात बहुतेकदा प्रवेश थेट गाईडकडे असतो, आणि त्यांच्याकडे त्या वर्षी पैसा नसेल तर तुमचा अर्ज कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. म्हणून विचारायचंच.

पाठवण्याआधी एनआयएच या अमेरिकी सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या रिपोर्टर या खुल्या डेटाबेसमध्ये त्या प्राध्यापकांचं नाव टाका. चालू प्रकल्प, रक्कम आणि संपण्याची तारीख दिसते. प्रकल्प २०२७ मध्येच संपत असेल आणि नवीन काही नसेल, तर ते बहुधा विद्यार्थी घेणार नाहीत. यात मुख्यतः एनआयएचचा पैसा दिसतो. कृषी खात्याचा किंवा खासगी फाउंडेशनांचा दिसत नाही, तेव्हा तेवढ्यावरून नाव खोडू नका, प्रयोगशाळेचं पानही बघा. २०२५ मध्ये संघराज्य निधीला कात्री लागल्यावर काही विभागांनी जागा कमी केल्या, म्हणून हा तपास आता जास्तच महत्त्वाचा.

वेळ : ऑगस्टचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरची सुरुवात. अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी १ डिसेंबरच्या आगेमागे असते. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात थँक्सगिव्हिंगची सुट्टी येते, तेव्हा कुणी उत्तर देत नाही.

मजकूर दीडशे-दोनशे शब्दांत. विषयाच्या ओळीत 'पीएचडी २०२७, किशोरवयीन लोह-स्थिती' असं नेमकं. पहिल्या दोन वाक्यांत तुम्ही कोण आणि कोणत्या आकड्यांवर काम केलं. पुढच्या दोन-तीन वाक्यांत त्यांच्या गेल्या तीन वर्षांतल्या एका निबंधाबद्दल खरा प्रश्न किंवा नेमका दुवा. 'आपले कार्य प्रेरणादायी आहे' हे वाक्य काहीही सांगत नाही. शेवटी सरळ प्रश्न : आपण २०२७ साठी विद्यार्थी घेणार आहात का? सोबत दोन पानी सीव्ही पीडीएफमध्ये. मार्कशीट, प्रबंध, आधार कार्ड काही जोडू नका. 'रिस्पेक्टेड सर/मॅडम' असं लिहिलं की तोच मजकूर शंभर जणांना गेला हे ओळखू येतं. 'डियर डॉक्टर' आणि आडनाव, एवढं पुरे.

उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकच आठवण. त्यानंतर सोडून द्या. एकाच विभागातल्या पाच जणांना एकच मजकूर पाठवू नका, ते एकमेकांशी बोलतात. 'अर्ज करा, मग बघू' हे उत्तर नकार नाही आणि होकारही नाही. 'हो, मला जागा आहे, आपण बोलू' असं आलं तर अर्ध्या तासाच्या व्हिडिओ कॉलची तयारी ठेवा. त्यात ते हमखास विचारतात की तुमचा प्रबंध पुन्हा करायचा झाला तर काय बदलाल. पडताळाताईंनी वर लिहिलेलं तुमचं उत्तर आहे.

---

फाईल_क्रमांक

कागदपत्रांत महाराष्ट्रातल्या मुलांची एक ठरलेली अडचण आहे : नाव. अनेक मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं आणि शेवटी आईचं नाव असतं. पासपोर्टवर वेगळंच. अर्जात आणि टोफेलला नाव पासपोर्टप्रमाणे अक्षरशः तेच घाला. मार्कशीटवरचं नाव अर्जातल्या 'इतर नावं' या रकान्यात टाका. टोफेलच्या दिवशी ओळखपत्राशी नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत. पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज करा.

अर्जासोबत बहुतेकदा स्कॅन केलेल्या मार्कशीट चालतात. सगळ्या सत्रांच्या, मागच्या बाजूसकट, कारण श्रेणीपद्धत मागे छापलेली असते. टक्क्यांचं ४ च्या पट्टीत रूपांतर स्वतः करू नका, विद्यापीठाच्या पट्टीतच भरा. वेस या संस्थेकडून पदवीचं मूल्यमापन विभागाने मागितलं असेल तरच करा, नाहीतर पैसे वाचवा. अधिकृत ट्रान्सक्रिप्टचा अर्ज मात्र ऑगस्टमध्येच विद्यापीठात टाकून ठेवा. बीएस्सी एका विद्यापीठाचं आणि एमएस्सी दुसऱ्याचं असेल तर दोन्हीकडे वेगळा, आणि गणपती-दिवाळीत कार्यालयाचे बरेच दिवस जातात.

शिफारसपत्रं तीन लागतात. प्रबंधाचे गाईड, स्टॅटिस्टिक्स किंवा बायोकेमिस्ट्री शिकवणारे कुणी, आणि तुमचं क्षेत्रावरचं काम प्रत्यक्ष पाहिलेलं कुणी. प्राचार्यांचं पत्र केवळ पदासाठी घेऊ नका. तुम्हाला न ओळखणाऱ्याच्या पत्रात 'प्रामाणिक, मेहनती, वक्तशीर' यापलीकडे काही येत नाही. शिक्षक अनेकदा म्हणतात, तूच लिहून आण, मी सही करतो. ते टाळा. तिन्ही पत्रांची भाषा एकच निघाली की अर्ज तिथेच संपतो, आणि ते खोटंही आहे. त्याऐवजी प्रत्येकाला एक पान मुद्दे द्या : कोणत्या सत्रात काय शिकलात, प्रबंधात कोणती अडचण कशी सोडवलीत, कोणत्या विद्यापीठांना कोणत्या तारखा. पत्र त्यांनाच लिहू द्या. ईमेल पत्ता कॉलेजच्या डोमेनचा असावा. साध्या जीमेलवरून आलेल्या पत्राची काही ठिकाणी वेगळी पडताळणी होते. कॉलेजचा पत्ता नसेल तर लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह.

अर्जात त्यांचे तपशील भरल्याशिवाय त्यांना लिंक जात नाही, म्हणून अर्ज अपुरा असला तरी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते भरा. लिंक बऱ्याचदा स्पॅममध्ये जाते, तेव्हा फोन करून विचारा. पत्र बघण्याचा हक्क सोडता का, असा रकाना येतो. तिथे 'सोडतो' निवडा, नाहीतर पत्राला वजन राहत नाही.

फी एका विद्यापीठाची साधारण ७५ ते १२५ डॉलर. माफी अनेक ठिकाणी फक्त तिथल्या नागरिकांना असते, पण समन्वयकाला विचारायला हरकत नाही. सहा ते आठ नीट निवडलेले अर्ज, पंधरा विस्कळीत अर्जांपेक्षा बरे.

---

मृद्गंध_नाशिक

एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल सगळ्यांचे मनापासून आभार. प्रमाण विचलन काढून बघितलं, एका शाळेत १.६ आणि दुसरीत १.४ ग्रॅम आहे. नैतिक समितीची परवानगी मार्चपर्यंत आहे, म्हणजे ४० मुलींचा दुसरा रिकॉल बसतो. फेरिटिनचा खर्च मात्र झेपणारा नाही. आणि नेट-जेआरएफबद्दल कुणी सांगेल का?

---

पायवाट

नेट-जेआरएफ आणि परदेशातले अर्ज यांत भांडण नाही, दोन्ही एकाच वर्षी होतात. पण घरच्यांना पूर्ण चित्र सांगा.

यूजीसी-नेटमध्ये तुमचा विषय होम सायन्स, क्रमांक १२. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १०० चा, एकूण ३०० गुण, तीन तास, चुकीला गुण कापत नाहीत. दुसऱ्या पेपरात अन्न-पोषण हा एक तुकडा आहे. वस्त्रशास्त्र, बालविकास, गृहव्यवस्थापन, विस्तारशिक्षण हेही तितकंच येतं. पोषणवाले तिथेच गुण घालवतात, म्हणून पोषणाची उजळणी नंतर आणि कापडाचे धागे आधी. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, वर घरभाडे भत्ता. जेआरएफ हुकली तरी नेट किंवा 'फक्त पीएचडी' या गटात आलात तर त्या गुणांना पीएचडी प्रवेशात ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि ते गुण एक वर्ष चालतात. प्रवर्गानुसार बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या संशोधन अधिछात्रवृत्त्याही आहेत. त्यांच्या जाहिराती अनियमित निघतात, संकेतस्थळावर लक्ष ठेवा.

अट एकच : गाईड आणि प्रयोगशाळा बघून जा. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था (१९१८ मध्ये कुन्नूरला सुरू झाली, १९५८ मध्ये हैदराबादला आली), बंगळूरची सेंट जॉन्स रिसर्च इन्स्टिट्यूट, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा फूड्स अँड न्यूट्रिशन विभाग, दिल्लीचं लेडी आयर्विन, मुंबईत एसएनडीटी. सेंट जॉन्समध्ये स्थिर समस्थानिकं (किरणोत्सारी नसलेले आयसोटोप) वापरून पोषकं शरीरात किती शोषली जातात, याचं काम होतं. लोहाच्या प्रश्नावर तिथलं प्रशिक्षण जगात कुठेही मानलं जातं. जिथे फेरिटिन मोजायची सोयच नाही, तिथे पाच वर्षं प्रश्नावलीवर काढू नका.

तिसरा रस्ताही आहे, आणि तुमच्यासाठी मला तोच योग्य वाटतो. अर्जांच्या आधी किंवा निकालाची वाट बघताना आयसीएमआरच्या किंवा रुग्णालयांच्या संशोधन केंद्रांतल्या प्रकल्पावर वर्ष-दोन वर्षं काम. जाहिराती थेट मुलाखतीच्या असतात. तिथे एसओपी लिहिणं, नमुना शीतसाखळीत नेणं, डेटा एंट्री दोनदा करून ताडून पाहणं हे हाताखालून जातं, आणि तिसरं शिफारसपत्र खऱ्या कामावर मिळतं. (ही एसओपी म्हणजे प्रयोगशाळेतली कार्यपद्धती, अर्जातली नव्हे.)

युरोपही विचारात घ्या. नेदरलँड्समध्ये (वाखेनिंगेन) आणि डेन्मार्कमध्ये (कोपनहेगन) पीएचडी ही पगारी नोकरी असते आणि जागा वर्षभर निघतात, मास्टर्स हवीच. युरोपीय संघाच्या मारी क्युरी योजनेतल्या नेटवर्कच्या जागांना अट अशी की मागच्या ३६ महिन्यांत तुम्ही त्या देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेले नसावेत. भारतातून पहिल्यांदाच जाणाऱ्याला ती आपोआप पूर्ण होते.

---

पडताळा

फेरिटिन झेपत नसेल तर प्रबंधात आणू नका, १० मुलींचं मोजून काही सिद्ध होत नाही. त्यापेक्षा शाळेच्या आरोग्य तपासणीत सिकलसेलची चाचणी झाली आहे का, ते मुख्याध्यापकांकडे विचारा. जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे आणि आश्रमशाळांत तपासण्या होतात. ती माहिती वापरायला नैतिक समितीकडून दुरुस्ती-मंजुरी आणि पालकांची संमती दोन्ही लागतील. मुलींची नावं न घेता फक्त संकेतांक घ्या. मंजुरी वेळेत नाही मिळाली तर 'ही माहिती मिळाली नाही' एवढं मर्यादांत लिहा.

१.६ आणि १.४ म्हणजे फरक आहे, वर दिलेलं वाक्य ठेवता येईल. पण यात हिमोक्यूची स्वतःची चूकही मिसळलेली आहे, तेव्हा 'मोठा' हा शब्द काढून प्रमाण विचलनाचा आकडाच द्या.

---

तृणधान्य

ऑफर आल्यावरचं थोडं, कारण तेव्हा घाई होते. पत्रात बघायचं : स्टायपेंड नऊ महिन्यांचा की बारा, किती वर्षांची हमी, ट्यूशनव्यतिरिक्तची फी कोण भरणार, विमा पूर्ण की अर्धा. नऊ महिन्यांचा असेल तर उन्हाळ्यात काय, ते लेखी विचारा. वार्षिक आकडा त्या गावातल्या घरभाड्याशी ताडून बघा. डेव्हिस आणि अर्बाना यांच्या भाड्यांत मोठं अंतर आहे.

आर्थिक मदतीसह आलेल्या ऑफरवर निर्णय द्यायला बहुतेक विद्यापीठं १५ एप्रिलपर्यंत वेळ देतात, तसा त्यांच्यात करार आहे. त्याआधी दबाव आला तर नम्रपणे या तारखेचा उल्लेख करा. दुसरीकडे जायचं ठरलं की पहिल्यांना त्याच दिवशी नकार कळवा, प्रतीक्षायादीतल्या कुणाची तरी जागा त्यावर अडलेली असते.

नंतर आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेला कागद) येतो, मग सेविस (परदेशी विद्यार्थ्यांची नोंदणी) फी ३५० डॉलर आणि व्हिसा अर्ज १८५ डॉलर. आय-२० वर असिस्टंटशिपची रक्कम नीट लिहिली आहे का ते तपासा. पहिला स्टायपेंड बहुतेकदा सप्टेंबरच्या शेवटी हाती येतो आणि घराची अनामत ऑगस्टमध्येच द्यावी लागते. त्यामुळे तिकिटाशिवाय दोन महिन्यांचा खर्च वेगळा ठेवा, आणि तो किती लागेल हे त्या विभागातल्या सध्याच्या विद्यार्थ्यांना विचारा. समन्वयक त्यांचे पत्ते देतात.